उरलेले दहा हात

प्रियजनहो, हनोख महाराजांचे पाय एका गावात फार दिवस टिकत नसत. खांद्यावर घोंगडी, काखेत वीणा आणि ओठांवर प्रभू येशूचे नाव, एवढ्या सामानावर ते गोदेच्या काठापासून भीमेच्या काठापर्यंत कीर्तन करीत हिंडत. घोडा नको, गाडी नको, पुढच्या मुक्कामाची चौकशी नको. उद्या कुठे जेवणार असे कुणी विचारलेच तर म्हणत, "ज्याने आज जेवू घातले त्याला विचारून सांगतो." असे हे महाराज एका चैत्राच्या अखेरीस भोरखडी गावी आले आणि प्रार्थनामंदिराच्या ओसरीवर उतरले.

भोरखडी म्हणजे नुसता खडक. त्या साली तिथला ओढा माघातच आटला होता आणि मंडळीने मंदिराच्या मागे नवी विहीर खणायला घेतली होती. काम गमलिएल मुकादमाकडे होते. माणूस मंडळीतलाच, पण धरणाच्या कामावर चार वर्षे काढून आलेला. खिशात सदा मोजपट्टी. कीर्तनाला बसला तरी ओसरीच्या खांबांमधले अंतर डोळ्यांनी मोजत बसायचा. तसा वाईट नव्हता हो. पण जे मोजता येत नाही ते नसतेच, अशी त्याची पक्की समजूत होती, आणि असल्या समजुतीचा माणूस आधी तऱ्हेवाईक होतो आणि मग गर्विष्ठ.

त्याच गावात राहेलबाई राहत होती. घर दोर वळणाऱ्यांचे. गुरांची दावी, बैलांचे कासरे, विहिरीचे जाड नाडे, सगळे तिच्या घरून जायचे, आणि सुगीत खळ्यावरून वर्षाचे धान्य बलुते म्हणून तिच्या घरी यायचे. नवरा थोमा मागच्या पावसाळ्यात तापाने गेला. आता घरात ती आणि डोळ्यांनी अधू झालेली सासू, भागाआई.

दोर कसा वळतात हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो, कारण या कथेचा पीळ तिथेच आहे. केकताडाची पाने डोहात कुजवून, बडवून त्यांचा वाख, म्हणजे धागे, काढतात. एक जण पीळ देणारी फिरकी घेऊन एका जागी बसतो. दुसरा कमरेला वाख बांधतो, त्याचे टोक फिरकीला अडकवतो आणि वाख सोडत सोडत मागे मागे चालत जातो. दोर जितका लांब, तितकी ही पाठमोरी चाल लांब. चालणाऱ्याला आपण कुठे चाललो ते दिसत नाही. त्याला दिसतो तो वळून झालेला दोर. त्याच्या पाठीमागची वाट दिसते ती समोर फिरकीवर बसलेल्याला. म्हणून फिरकीवाला सारखी हाळी देतो, "मोकळं हाय, येऊ दे." चालणाऱ्याने मान वळवायची नसते. मान वळली की हात ढिला पडतो आणि तेवढ्या जागी पीळ सुटतो.

थोमा होता तोवर बारा वर्षांत राहेलबाईने एकदाही मान वळवली नव्हती. त्याची हाळी कानावर आली की ती बेधडक मागे सरायची. आता फिरकीवर भागाआई बसे. तिला समोरची सूनच धड दिसेना, तर सुनेच्या मागचे काय दिसणार? दर पाच पावलांना राहेलबाई मागे बघायची. मागे बाभळीची कुपाटी होती, पलीकडे घळ होती. पण खरे सांगायचे तर तिला घळीची भीती नव्हती. तिला भीती येत्या सालाची होती. खायचे काय, म्हातारीला घेऊन जायचे कुठे, हेच तिला मागे दिसायचे. दोर ढिले निघू लागले. सुगीत दोघा शेतकऱ्यांचे कासरे तुटले.

मुकादमाला तेवढे पुरे झाले. मंडळीच्या बैठकीत तो म्हणाला, "शहरात यंत्रावर वळलेला दोर मिळतो. मी आणलाय. जी बाई मागं मागं चालती, ती पुढं कधी पोचायची?" लोक हसले. हसणाऱ्यांत तिला बलुते देणारेही होते. अखेर असे ठरले की राहेलबाईने येत्या रविवारी नव्या विहिरीसाठी एक नाडा आणावा. तळाला पोचला आणि वजन पेलले तर गावाचे दोर तिच्याकडेच राहतील. नाहीतर येत्या सुगीपासून बलुते बंद. विहीर पन्नास हात खोल गेली होती. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात, असे मुकादमाने स्वतः मोजून सांगितले होते.

गुरुवारी सकाळी राहेलबाई ओसरीशी आली. "सलाम, महाराज," म्हणून उंबऱ्याशीच बसली.

"सलाम. काय म्हणतेस, पोरी?"

"विहीर पन्नास हात. माझ्याकडं वाख हाय चाळीस हातांपुरता. धन्यानं जायच्या आधी काढून ठिवल्याला तेवढाच. डोहात पाणी न्हाई, नवा कुजवू कुठं? देव तुमच्याशी बोलतो म्हणत्यात. मला एवढंच सांगा, रविवारनंतर माझं कसं व्हायचं?"

महाराज म्हणाले, "ते मला दिसत नाही."

राहेलबाईचा चेहरा उतरला. दोन कोस चालून वैद्याकडे जावे आणि दाराला कडी असावी, तसे तिला झाले. ती उठू लागली.

"बस," महाराज म्हणाले. "दिसत नाही म्हणालो, भीती आहे असं नाही म्हणालो. उद्याकडं सगळ्यांचीच पाठ असते. माझी आहे, तुमच्या मुकादमाचीही आहे. त्याला वाटतं आपण तोंड पुढं करून चाललोय, एवढंच. आपल्याला दिसतं ते वळून झालेलं. बरं, मला सांग, थोमा गेल्यापासून किती दिवस उपाशी झोपलीस?"

तिने बोटांवर मोजले, पुन्हा मोजले. "एक दिवस चूल पेटली न्हाई. पण त्या दिवशी शेजारणीनं भाकरी आणून दिल्ती."

"म्हणजे आतापर्यंतचा दोर कुठं तुटलेला नाही. आता ऐक. तुझ्या जन्माच्या दोराचं टोक थोमाच्या हातात कधीच नव्हतं. ज्याच्या हातात होतं, त्याच्या हातात अजून आहे, आणि त्याला तुझ्या पाठीमागची वाट लख्ख दिसते. चल तुझ्या अंगणात, ती फिरकी दे माझ्याकडं."

"महाराज, तुम्ही फिरकीवर बसणार?"

"का? वीणेपेक्षा सोपी असेल."

सोपी नव्हती. पहिल्या घटकेत महाराजांनी दोनदा वाख तोडला आणि भागाआईच्या शिव्या खाल्ल्या. म्हातारीला कोण बसलेय ते कुठे दिसत होते? मग मात्र हात बसला. राहेलबाई मागे निघाली आणि महाराजांनी हाळी दिली, "मोकळं आहे, येऊ दे."

विसाव्या पावलाला तिची मान शिवशिवली. आता कुपाटी आली असणार, आता घळ. तिने महाराजांच्या तोंडाकडे पाहिले. महाराज तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते, आणि त्या चेहऱ्यावर काळजीची एक आठी नव्हती. शेतात पीक बघावे तसे ते तिच्या मागचे बघत होते. तिचे डोळे भरून आले. किती महिन्यांनी आपल्या मागचे कुणीतरी बघत होते! पण हात ढिला पडला नाही. मान वळली नाही.

असे पदर वळून, तीन पदरांचा एक नाडा झाला तेव्हा शनिवार कलला होता. कमरेचा वाख संपला होता. राहेलबाई म्हणाली, "महाराज, चाळीसच झाले."

"तुझे चाळीस झाले," महाराज म्हणाले. "उरलेले दहा हात तुझे नाहीत. ज्याचे आहेत त्याच्यावर सोड."

रविवारी उपासना आटोपून सगळी मंडळी विहिरीभोवती जमली. मुकादमाने नाडा हातात घेतला आणि सर्वांदेखत कोपराने मोजला. "चाळीस," तो म्हणाला. "दहा हात कुठं ठिवले, बाई?"

"ते माझ्याकडं नव्हतेच," राहेलबाई म्हणाली. पुन्हा हशा पिकला.

मग मुकादमाने आपला पांढराशुभ्र शहरी दोर विहिरीवरच्या आडव्या लाकडाला बांधला. त्याच्या टोकाला फळी बांधून तिच्यावर तो स्वतः बसला. तळाशी ओल दिसू लागली होती, ती बघायची आणि दोराची ताकदही गावाला दाखवायची, असा दुहेरी बेत. गडी दोर सोडत गेले. मुकादम खाली खाली गेला. तळ चार-पाच हात राहिला असेल नसेल, तेवढ्यात काठाच्या धारदार खडकावर घासून तो पांढरा दोर अगदी वरच तुटला. मुकादम तळाला आदळला आणि जवळजवळ सगळा दोर त्याच्या अंगावर पडला. वर लाकडाला वीतभर तुकडा लोंबत राहिला.

खालून त्याची हाक आली. पाय मोडला होता. तेवढ्यात विहिरीच्या मधल्या थराचा मुरूम सुटू लागला. आधी मूठभर, मग पाटीभर. कुणी म्हणाले दावी गोळा करा, कुणी म्हणाले वस्तीवरून शिडी आणा. पण दावी गुरांच्या गळ्यात आणि गुरे माळावर. मुरूम तेवढा वेळ थांबणार नव्हता.

महाराज राहेलबाईकडे वळले. "तुझा नाडा बांध आणि सोड."

"महाराज, पुरायचा न्हाई."

"पुरतो की नाही हे बघायचं काम तुझं नाही. तू सोडत जा. गुंडाळीकडं बघू नकोस, माझ्याकडं बघ."

तिने एक टोक लाकडाला पक्के बांधले आणि दुसरे विहिरीत सोडले. खालून मुकादम रडवेल्या आवाजात ओरडला, "पोचायचा न्हाई तो! मीच मोजलाय, चाळीसच हाय!" बिचारा. जन्मभर ज्या मोजमापाचा आधार घेतला, तेच आता त्याच्या छातीवर बसले होते.

राहेलबाई हातावर हात टाकून नाडा सोडू लागली. सवयीने ती मनात मोजत होती. तीस झाले. पस्तीस झाले. पायाजवळची गुंडाळी किती उरली ते बघावे म्हणून मान वळू लागली, आणि तिने महाराजांचा चेहरा पाहिला. तोच चेहरा, फिरकीवरचा. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. आता लाकडाचा हिसका बसणार म्हणून तिने डोळे मिटले. हिसका बसला नाही. हातात दोर होता. तिने सोडला. पुन्हा हातात दोर होता. पंचेचाळीस. एकोणपन्नास. पन्नास.

"पोचला," खालून आवाज आला. अगदी बारीक, लहान पोराचा असावा तसा. "बाई, माझ्या हातात आला."

त्याने नाडा कमरेला बांधला. आठ गड्यांनी वर तो धरला आणि विहिरीकडे तोंड करून ते मागे मागे चालत गेले. एकानेही मान वळवली नाही. राहेलबाई काठावर ओणवी होऊन त्याच्या डोक्यावरची वाट बघत होती. वरून मुरूम पडेल या भीतीने त्याने डोळे गच्च मिटले होते, म्हणून तिने हाळी दिली, "मोकळं हाय, मुकादम. येऊ द्या."

तो काठावर आला, आणि मधला थर धाडकन खाली बसला. धूळ बसते न बसते तोच खालून खळखळ ऐकू आली. झरा फुटला होता. माणसे काठाशी ओणवली आणि हसूही लागली, रडूही लागली.

मुकादमाला त्याचे काही नव्हते. पायाला फळ्या बांधायला लोक आले तर त्याने त्यांना हाताने दूर केले, नाडा ओढून घेतला आणि कोपराने मोजू लागला. चाळीस. पुन्हा मोजला. चाळीसच. खिशातली मोजपट्टी काढली, तिच्याकडे जरा वेळ बघितले आणि तशीच परत ठेवली. मग सरपटत येऊन त्याने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

महाराजांनी त्याला धरून उठवले. म्हणाले, "मी नुसता फिरकीवर बसलो होतो, मुकादम, आणि तेही धड जमलं नाही. नमायचं तर ज्याने दहा हात दिले त्या प्रभूपुढं नमा. आणि जिने आपले चाळीस चोख वळले तिच्याही पुढं."

मुकादम राहेलबाईपुढे वाकला. "बाई, चुकलो," एवढेच म्हणाला. तिने घाईने पदर डोक्यावर ओढला. "आधी पाय बांधून घ्या," ती म्हणाली, "मग काय चुकायचं ते चुका."

महाराज सोमवारी पहाटेच निघाले. पुढचा मुक्काम कुठे, हे राहेलबाईने विचारले नाही.

मुकादमाचा पाय बरा व्हायला दोन महिने लागले. उभे राहता येईना, नुसते बसून करायचे काय? मग एके दिवशी त्याने स्वतःला उचलून राहेलबाईच्या अंगणात न्यायला लावले, भागाआईच्या हातातून फिरकी घेतली आणि पाय पसरून बसला. पाय बरा झाल्यावरही सवड मिळेल तेव्हा येत राहिला. "मोकळं हाय, बाई, येऊ द्या," ही त्याची हाळी पार ओढ्यापर्यंत ऐकू जायची, आणि राहेलबाई बेधडक मागे मागे जायची.

वाख संपला की तो फिरकी थांबवून दोर मोजायचा. जित्याची खोड, दुसरे काय! मोजून झाले की विचारायचा, "आणि उरलेले, बाई?"

"ते आपल्याकडं नसतात, मुकादम," ती म्हणायची. आणि तो फिरकी खाली ठेवून, हात जोडून, मान लववायचा.