लाटवियन अक्षरांचे दागिने

एका राज्यात घडलेली ही गोष्ट शपथेवर खरी. आता ते राज्य कुठंच नव्हतं, ही बाब वेगळी.

तिथं राजवाड्याच्या भिंतीवर लाटवियन मुळाक्षरं नटूनथटून राहत. कुणाच्या माथ्यावर आडवी रेघ, कुणाच्या माथ्यावर पंख उचललेलं पाखरू, तर कुणाच्या पायाशी इवलासा स्वल्पविराम. रेघेनं स्वर लांबे, पाखरानं व्यंजनात पानांची सळसळ येई, स्वल्पविरामानं ते लोण्यासारखं मऊ होई. राजगायिका मारा गाऊ लागली की समुद्र लाटा आवरून ऐके.

रिवाज असा, की पाहुण्यानं ज्याचं कौतुक केलं ते यजमानानं देऊन टाकायचं. एकदा एक जादूगार आला.

"वा महाराज! काय हे दागिने! तुमचा रिवाज आजपासून मलाही मान्य."

राजानं दिले की हो काढून! अक्षरं उघडीबोडकी झाली, गाणं तुटलं, आणि मारा पायांकडून तृणमण्याची, त्या पिवळ्या, दगड झालेल्या डिंकाची होऊ लागली.

तिची लेक वेल्टा तडक जादूगाराच्या गडावर गेली.

"कोण गं तू?"

"पाहुणी. रिवाज आठवतो ना?"

"बरी धीट आहेस! मग तीन कौतुकं कर. एक जरी खोटं निघालं, तर जिभेचा दगड होईल."

दारावर रेघा तुळयांसारख्या बसवल्या होत्या. वेल्टा म्हणाली, "एवढ्याशा रेघेत माझ्या आईचा अख्खा श्वास मावतो." रेघा निखळून तिच्या हाती आल्या.

पिंजऱ्यातल्या पाखरांना ती म्हणाली, "तुम्ही बसलात की दगडात कोरलेलं अक्षरही उडेलसं वाटतं."

"खरं बोलली हो!" म्हणत पाखरं तिच्या खांद्यावर आली.

जादूगार हसला. "आता कौतुक माझं!"

वेल्टानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. चोराचं कौतुक, तेही खरं? तेवढ्यात त्याच्या मांडीवरची टोपली दिसली. लोकरीच्या गादीवर स्वल्पविराम झोपले होते. एकेक पुसून लख्ख केलेला.

"चोर तुम्ही पक्के," ती म्हणाली, "पण यांना जपलंत आईच्या मायेनं."

जीभ शाबूत राहिली. जादूगार मात्र ओशाळला.

"जपणूक कशी काढून देऊ, पोरी?"

"मग जपणाऱ्यालाच यावं लागेल."

आला बिचारा, टोपली डोक्यावर घेऊन. त्यानं अक्षरं पुन्हा सजवली. धाकट्या 'ग'ची, म्हणजे छोट्या g ची, शेपटीच खाली लोंबत होती, म्हणून त्याचा स्वल्पविराम माथ्यावर चढवला. मारानं लांब सूर लावला, तिचे पाय मऊ झाले, ती चालू लागली. जादूगार तेव्हापासून रोज अक्षरांवरची धूळ पुसतो.

आता कबूल करायला हवं. राजा, वेल्टा, जादूगार, सगळी रचलेली. लाटवियन लिपीतल्या धाकट्या 'ग'च्या माथ्यावरचा तो स्वल्पविराम मात्र खरा. आणि तुम्ही नेमका तोच थाप समजून बसला असाल.