मेणफुलाचे देठ

“मग ती माझ्यावर रागावूनच गेली, असं समजू का अक्का?”

बुगडे मास्तरांनी एवढं विचारलं आणि मान खाली घातली. छत्तीस वर्षं दुसऱ्यांना माना खाली घालायला लावणारा माणूस!

तुंगाअक्का घाटमाथ्यावरच्या आपल्या मठाच्या ओसरीत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. उत्तराची घाई त्यांना कधीच नसे.

“कोण रागावलं?”

“आमची मंडळी. इंदू. तीन वर्षं झाली जाऊन. तिच्या हातची मेणफुलाची वेल आहे, खिडकीतल्या कुंडीत. ती होती तोवर दरवर्षी घोस लागायचे. ती गेली, तेव्हापासून एक फूल नाही.”

“तुम्ही काय करता वेलीचं?”

इथे मास्तरांची मान वर आली.

“काय करत नाही ते विचारा! मोजून पाणी घालतो. पानं ओल्या फडक्यानं पुसतो. फुलं झडली की इंदू मागचे वाळके देठ तसेच लोंबत ठेवायची. नुसता गबाळेपणा! मी ते सगळे छाटले. आता बिनपानाचं एक काडूक दिसू देत नाही.”

“तिला सांगितलं होतं का तसं?”

“त्यावरूनच तर बोललो होतो... शेवटच्या दिवशी सकाळी. चांगलं तोडून बोललो. ती एवढंच म्हणाली, ‘असू द्या की.’ आणि दुपारी गेली.”

अक्का उठल्या.

ओसरीच्या टोकाला त्यांचीही एक मेणफुलाची वेल टांगलेली होती. तिचा एक उघडाबोडका देठ त्यांनी बोटावर धरला.

“हे जरा छाटा बघू, मास्तर.”

मास्तर खूश. कात्री सदऱ्याच्या खिशात होतीच. असा माणूस कात्रीशिवाय घराबाहेर पडतोय होय! त्यांनी चष्मा नीट बसवला, पाती देठाला लावली...

हात तिथेच थांबला.

देठाच्या टोकाला मोहरीएवढ्या कळ्या होत्या. चांगल्या बारा-पंधरा.

“ह्या... वाळक्यावर?”

“जुन्याच देठावर येतात की ओ. दरवर्षी त्याच जागी.”

मास्तर कात्री बाजूला ठेवून ओसरीवर बसले.

“म्हणजे मीच... मीच छाटत होतो.”

अक्का त्यांच्याजवळ बसल्या. “काय म्हणाली होती ती?”

“असू द्या की.”

“अशी नव्हे. ती म्हणाली तशी म्हणून दाखवा.”

अगदी हळू, इंदूच्या सुरात मास्तर म्हणाले, “असू द्या की...”

त्या सुरात राग नव्हताच. तो नीट ऐकायला मास्तरांना तीन वर्षं लागली. ते हमसून हमसून रडले, आणि अक्कांनी त्यांना पोटभर रडू दिलं.

डोळे पुसून झाल्यावर त्यांनी अक्कांचे पाय धरले.

“अक्का, मला मंत्र द्या. उरलेलं आयुष्य तोच जपेन.”

अक्कांनी त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर हात ठेवला.

“तिनं एकदा दिलेला मंत्र दुसऱ्यानं पुन्हा द्यायचा नसतो, बाळा.”