एकतारीतलं पाणी

"...मग बुवा, गोष्ट अस्सल आणि सांगणारा नासका, तर मार्क कुणाला द्यायचे?"

सटवाबुवा एकतारीची तार पुसत होते. पुसतच राहिले.

कस्तुरीला या गप्पपणाचा राग यायचा. चौदा वर्षं त्यांच्याकडं गाणं शिकत होती, तरी यायचा. पोरगी हुशार, आणि ते तिला जरा जास्तच ठाऊक. मोबाईलवर भागाभागानं येणाऱ्या चित्रकथांची, वेबकॉमिकची, चिरफाड करावी तर तिनंच! वेबकॉमिकचं यंदाचं बक्षीस कुणाला, तेही तिच्याच हातात होतं. नाव संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

"कुठली गोष्ट?" बुवांनी विचारलं.

"कवडी. तुम्हाला वाचून दाखवायचे ना, तीच."

बुवांना आठवली. अंगावर कोड असलेली, गावभर उघड्या तोंडानं हिंडणारी कवडी. कस्तुरीच्या गालावर सोळाव्या वर्षी पांढरा डाग उठला, तेव्हापासून पाच वर्षं तोंडावरची ओढणी काही सुटली नव्हती. मग ही कवडी भेटली. तीन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी नवा भाग वाचला आणि ही बया ओढणी खुंटीला टांगून भर बाजारात भाजी आणायला गेली! त्या दिवशी तिची आई देवापुढं बसून रडली होती.

"मग आता काय झालं?"

कस्तुरीनं मोबाईल काढला, परत ठेवला. वाचायची गरजच नव्हती, पाठ झालं होतं. "काल त्यानं लिहिलंय, कोडाच्या मुलींनी लग्न करू नये. पोरं तर होऊच देऊ नयेत, डाग पुढं कशाला न्यायचा... ज्यानं कवडी काढली, त्यानं लिहिलंय हे, बुवा."

बुवांनी तारेवरचं फडकं बाजूला ठेवलं.

"लोक म्हणतात, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये."

"तू शोधायला गेलीस?"

"मी कशाला जाते! तोच सांगत सुटलाय. आणि मेली गोष्ट आहे तेवढीच चांगली. सकाळपासून शोधतेय, एक रेघ खोटी सापडेना. तिला टाकली, तर मी ओढणी काढली ती कुणाच्या जोरावर? सांगा ना!"

बुवा पायरीवर बसले होते. नेहमी तिथंच बसतात. त्यांच्या गुरुजींनी त्यांना अकरा वर्षं त्याच पायरीवर बसवून गाणं शिकवलं, उंबरा काही ओलांडू दिला नाही. जात आड आली, दुसरं काय! गुरुजी गेले, घर पुढं बुवांनीच विकत घेतलं, तरी बैठक पायरीवरच. हातातली एकतारीही गुरुजींनीच कडू भोपळा पोखरून करून दिलेली.

बुवांनी खुंटी सैल केली. तार सोडली. मग भोपळ्यावरच्या कातड्यात अंगठा खुपसून ते टर्रकन फाडलं.

"बुवा! अहो, काय करताय हे!"

त्यांनी तांब्यातलं पाणी भोपळ्यात ओतलं, हिंदकळवलं आणि तिच्यापुढं धरलं.

"पी."

घोट तोंडात घेतला न घेतला तोच ती थुंकली. "कडूजहर आहे!"

"पन्नास वर्षं वाजवली."

"समजलं," कस्तुरी लगेच म्हणाली. हुशार माणसाला घाई फार. "कारलं साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच. म्हणजे बक्षीस द्यायचं नाही."

"सा लाव."

"आता? या तोंडानं?"

"सा लाव."

तिनं लावला. आधी थरथरला, मग ठरला. गुरुजींकडून पायरीवरच्या बुवांकडं आणि बुवांकडून तिच्याकडं आलेला सा.

"लागला?"

"लागला." ती रडत होती.

"आणि तोंड?"

"...कडूच आहे."

बुवांनी भोपळा उपडा केला. पाणी पायरीवरून ओघळून मातीत गेलं.

मग कस्तुरीनं मोबाईल उघडला, बक्षिसाच्या नावापुढं 'कवडी' लिहिलं आणि पाठवून दिलं. पाठवलं, आणि तिचा हात आपोआप खांद्यावरच्या ओढणीकडं गेला. तिनं ती गालावर ओढून घेतली. तीन वर्षांनी.

"बुवा," ओढणीच्या आतून ती म्हणाली, "हा कडूपणा जातो कधी?"

बुवा फाटक्या कातड्याकडं बघत होते.

"माझा गेला की सांगेन."