अध्यक्षांचं एक बटण

दूध संघाच्या सभागृहात सगळे संचालक बसले होते, पण संगणक विभागाच्या रेवती गव्हाणकरला बसवत नव्हतं. तासाभरात गावोगावी संध्याकाळचं दूध यायला लागणार होतं आणि अध्यक्ष आबासाहेब गळ्यात हार घालून बटणावर बोट ठेवून बसले होते. ते दाबलं की साऱ्या संकलन केंद्रांच्या आणि संघाच्या कार्यालयातल्या सर्व्हरवर नवं सॉफ्टवेअर आपोआप चढणार होतं.

"साहेब, तुकड्या पाडून करू या," ती पुन्हा म्हणाली. "आधी एक सर्व्हर. तो नीट चालला की पुढचे चार, मग बाकीचे. यंत्रणा सगळं आपोआप करते, पण कुठं थांबायचं ते आपणच सांगावं लागतं."

"भित्र्यांची कामं ही! फोटोवाला आलाय. मी एकदाच दाबणार आणि सगळं एकदम होणार."

"मग तुमच्या गावचं, सोनारवाडीचं केंद्रही त्यात आलं. काही बिघडलं तर दूध मोजायचा काटा बंद, आणि भरले कॅन घेऊन बायामाणसं तुमच्या अंगणात."

आबासाहेबांनी बटणावरचं बोट मागे घेतलं. आवाज उतरवून ते म्हणाले, "सोनारवाडी तेवढी मागे ठेव. आधी दुसरीकडे चालतंय का बघ."

"आमचंही मागेच ठेवा," एकेक संचालक बोलू लागला.

"अगं, मग आधी करायचं तरी कुठं?" आबासाहेब वैतागले.

घड्याळावरची नजर न काढता रेवती म्हणाली, "तुमच्या दालनाच्या सर्व्हरवर, साहेब. तो दिवसभर बंद राहिला, तरी थेंबभर दूध नासणार नाही."