गवतातली पिल्लं

एका रानात, ओढ्याकाठच्या कुरणाजवळ एक हरिणी राहत असे. पहिलटकरीण होती बिचारी! तिच्या पाडसाला अजून धड उभंही राहता येत नव्हतं. बाळांनो, त्या रानातल्या आयांची एक रीत होती. पिल्लू उंच गवतात लपवायचं आणि जागा कुणालाही, अगदी सख्ख्या बहिणीलाही, सांगायची नाही.

एके दिवशी माकडाने दवंडी पिटली, "ऐका हो ऐका! वणव्याचे दिवस आले. आग पसरू नये म्हणून उद्या सकाळी हत्ती सगळं कुरण तुडवून सपाट करणार. गजराजांचा हुकूम!" हुकूम रानाच्या भल्यासाठीच होता, पण हरिणीच्या काळजात धस्स झालं. पाडसाला न्यावं, तर ते चालेना. राजाला सांगावं, तर दरबारात कोल्हा कान टवकारून बसलेला! ती ओढ्यावर जाऊन रडत बसली.

"काय गं पोरी, तुझंही गवतातच का?" पाण्यावर आलेल्या रानडुकरिणीने हळूच विचारलं. "माझीही तिथेच आहेत."

"माझीसुद्धा," सशीण म्हणाली.

"माझी तर अजून अंडीच आहेत गं बाई!" लावी पक्षीण रडकुंडीला आली.

घ्या! इतका वेळ प्रत्येकीला वाटत होतं, ही काळजी आपल्या एकटीचीच.

रानडुकरीण म्हणाली, "मग एकटीने कशाला जायचं? सगळ्या मिळून जाऊ. जागा कुणीच सांगायची नाही. पण नुसतं रडून भागायचं नाही हं. वणवा आपल्यालाही नकोच आहे." मग त्यांनी कुरणाची कड फिरून नीट पाहिली आणि दरबार गाठला.

"कुरणात पिल्लं?" गजराज चमकला. "आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही?"

हरिणी धीर करून म्हणाली, "महाराज, हुकूम ठरला तेव्हा इथे एकही आई नव्हती. विचारलं असतंत, तर सांगितलं असतं."

"अरेरे! कुठे कुठे आहेत बरं पिल्लं?" कोल्ह्याने गोड आवाजात विचारलं.

"सगळीकडे!" सगळ्या एकदम ओरडल्या. कोल्ह्याचं तोंड एवढंसं झालं.

रानडुकरीण पुढे झाली. "महाराज, कडेकडेने रुंद पट्टा तुडवा. बाहेरचा वणवा तिथेच अडेल. त्या पट्ट्यात कुणाचं पिल्लू नाही, आम्ही बघून आलोय."

गजराजाने सोंडेने माकडाला जवळ बोलावलं. मग म्हणाला, "चुकलंच आमचं. हुकूम बदला! आणि यापुढे कुरणाचं काहीही ठरवायचं, तर आधी या आयांना बैठकीला बोलवा."

सकाळी हत्ती निघाले. जमीन हादरू लागली. हरिणी श्वास रोखून बघत होती. हत्ती कडेकडेने गेले, एकही पाऊल आत पडलं नाही. ती धावतच गवतात शिरली. पाडस गाढ झोपलं होतं. तिने त्याचं कपाळ चाटलं, पुन्हा पुन्हा चाटलं.

तात्पर्य : ज्यांच्या लेकरांवर नियमाचं पाऊल पडणार, त्यांना विचारल्यावाचून नियम करू नये, आणि एकटीला जे बोलायची भीती वाटते, ते सगळ्या मिळून बोलल्या तर राजालाही ऐकावं लागतं.