साठ कोसांचं उड्डाण

"वाट तीच, अंतर तेच, मग वेळ दुप्पट कसा?" चंदनगडचे महाराज रायसिंग गरजले आणि त्यांनी हिरापूरच्या राजाचं पत्र भिरकावून दिलं.

हिरापूर चंदनगडाच्या पूर्वेला, घोड्यावरून आठ दिवसांची वाट. पण आकाशातून सरळ गेलं तर साठच कोस. दोन्ही राजांनी शर्यत लावली होती. हिरापूरचं कबुतर चंदनगडाहून सोडायचं, चंदनगडचं हिरापुराहून. एकाच दिवशी, एकाच वेळी. हिरापूरचं कबुतर एका प्रहरात घरी पोहोचलं, चंदनगडचं मात्र दोन प्रहरांनी! वर हिरापूरच्या राजाने पत्रात विचारलं होतं, "तुमचं आलं की अजून वाटेतच आहे?"

कबुतरखान्याचा रखवालदार भिवाजी हात जोडून म्हणाला, "महाराज, त्या दिवशी पश्चिमेचा वारा..."

"वारा? उद्या मासा म्हणेल, मला पाणी आडवं आलं! संध्याकाळपर्यंत ही सबब मला पटवून दे. नाही पटली तर सगळी कबुतरं मुदपाकखान्यात!"

भिवाजीला रडूच कोसळलं. एकेक पिल्लू त्याने हाताने भरवून वाढवलं होतं. त्याची मुलगी सारजा मात्र पदर खोचून पुढे आली.

"पटवते, महाराज! पण आपल्याला तटावर जरा चालावं लागेल. पश्चिमेच्या बुरुजापासून पूर्वेच्या बुरुजापर्यंत, आणि परत. मी आकडे मोजते."

"एवढंच ना? चल!"

आता महाराज म्हटल्यावर डोक्यावर छत्र आलंच. त्याशिवाय ते परसातही जात नसत. चार हात रुंदीचं जरीचं छत्र, ते धरायला दोन धटिंगण भोई. वारा त्या दिवशीही पश्चिमेचाच होता, आणि चांगला सणसणीत होता.

जाताना काय विचारता! छत्रात वारा भरला, भोई पळत सुटले आणि त्यांच्या मागे महाराजही. सारजाचे साठ आकडे होतात न होतात तोच स्वारी पूर्वेच्या बुरुजावर!

"बघितलंस?" महाराजांनी मिशीला पीळ दिला आणि ते मागे वळले. सारजाने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.

आता मात्र छत्र उलटं झालं. भोई दोन पावलं पुढे सरकत, एक मागे येत. महाराजांचा शेला तोंडावर आला, पागोटं तटाखाली गेलं. धापा टाकत ते परत पोहोचले, तेव्हा सारजा मोजत होती, "एकशे अठरा, एकशे एकोणीस, एकशे वीस! महाराज, वाट तीच, अंतर तेच, मग वेळ दुप्पट कसा?"

"अगं पोरी, डोळे फुटले का तुझे?" महाराज ओरडले. "वारा समोरून होता!"

"आमचं कबुतरही हेच सांगत होतं, महाराज. फक्त त्याला असं ओरडता येत नाही! मग आता मुदपाकखान्यात कोणी जायचं?"

भिवाजीने डोळे गच्च मिटले. दरबारी एकमेकांच्या पाठीमागे लपू लागले. महाराज मात्र पोट धरून जे हसत सुटले, की धाप लागलेली असूनही थांबेनात.

"हरलो बाई! कबुतरांना वर्षभर ज्वारी सरकारातून. आणि तुझ्या बापाला म्हणावं, डोळे उघड!" त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून सारजाला दिलं. "पण त्या हिरापूरकरापुढे माझं नाक कापलं गेलं, त्याचं काय?"

"सोपं आहे, महाराज! पुढची शर्यत पश्चिमेकडच्या राजाशी लावा!"

महाराजांनी हसत हसत दुसऱ्या हातातलंही कडं काढून दिलं.