पेटीतली मोकळी जागा

"पण आवाज साफ का होत नाही?"

ग्रेगरी लोपीसने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही इनास तुस्कानो केळीच्या सोपटाची दोरी वळत होता. त्याने मान वर केली नाही.

"बसा सर. उभ्याने विचारलेलं मला ऐकू येत नाही."

ओसरीवर बाकडं एकच होतं आणि त्यावर ग्रेगरीने आणलेली पेटी ठेवली होती. म्हणून त्याला पायरीवर टेकावं लागलं. तीस वर्षं पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलेला माणूस, चौथीत शाळा सोडलेल्या रेडिओवाल्याच्या पायरीवर.

पेटी म्हणजे गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, घरी बनवलेला. ग्रेगरीच्या मुलाने, जोएलने, मोडक्या कपाटाच्या फळ्या कापून तो बनवला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. विसावं लागल्यावर त्याला ताप आला. पाच दिवसांचा ताप.

येत्या रविवारी चर्चमध्ये त्याची वर्षाची मिस्सा होती, जाण्याला वर्ष झाल्याची प्रार्थना. जोएलची गिटार त्याचा मित्र वाजवणार होता, याच पेटीवर. ग्रेगरीला एवढंच हवं होतं, की त्या दिवशी एकही सूर फाटू नये. गेले कित्येक महिने त्याने दुसरं काही केलं नव्हतं. शेवटी वसईतल्या एका दुकानदाराने हात जोडले. "व्हॉल्व्हचं काम आता एकच म्हातारा करतो," तो म्हणाला.

"काय काय बदललंत?" इनासने विचारलं.

"स्पीकर नवा घातला. दोन्ही ट्रान्सफॉर्मर नवे. व्हॉल्व्ह तिन्ही बदलले. आतल्या तारा बदलल्या."

"आणि?"

"आणि तरी फाटतो."

इनासने दोरीला गाठ मारली.

"मग यात पोराचं काय उरलंय?"

ग्रेगरीने पेटीकडे पाहिलं.

"फळ्या…" तो म्हणाला. "थोडे स्क्रू."

इनास उठला. अंगात गंजीफ्रॉक, खाली खिसेवाली हाफपँट, चष्म्याच्या एका काडीला सुतळी. त्याने पेटीचं मागचं झाकण काढलं. ग्रेगरी घाईने पुढे झाला आणि दाखवायला म्हणून त्याने दोन्ही हात आत घातले.

म्हाताऱ्याने त्याच्या मनगटावर फटका मारला.

"एक हात खिशात!"

"बंद आहे तो. सकाळी घरून निघतानाच बंद केलाय."

"बंद केल्याचं आपल्याला माहीत, सर. त्याला माहीत नसतं."

ग्रेगरीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वीज तोडली तरी आत साठलेली वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघाली, तर माणसाला मारू शकते, हे तो दर जूनमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगत आला होता. फळ्यावर लिहून, खाली दोन रेघा ओढून.

इनासने स्वतःचा डावा हात खिशात घातला. साठलेली वीज उतरवायला उजव्या हाताने एक तार आत टेकवली आणि तसाच उभा राहिला. ठिणगी उडाली नाही की आवाज झाला नाही. तो नुसता उभा होता… ग्रेगरीने घड्याळ पाहिलं. म्हातारा हलला नाही.

"आता बघू," अखेरीस तो म्हणाला आणि आत वाकला.

बराच वेळ तो आत वाकून होता. मग त्याच्या पेचकसाचं टोक एका ठिकाणी थांबलं.

"हा निळा कंडेन्सर कोणी लावला?"

"मी," ग्रेगरी म्हणाला. या प्रश्नाची तो वाटच पाहत होता. "पहिल्या व्हॉल्व्हच्या पायाशी जागा मोकळी होती. जोएल तिथे कपॅसिटर, म्हणजे तुमचा कंडेन्सर, लावायला विसरला होता. कुठलंही पुस्तक उघडा, तिथे कपॅसिटर असतोच. मी पहिल्यांदा तीच चूक दुरुस्त केली."

"पहिल्यांदा."

"हो."

"आणि मग फाटायला लागला?"



"ताकद वाढली. ती वाढणारच. पुढच्या भागाला ती झेपेना, म्हणून मग पुढचं एकेक बदलत गेलो…"

"त्याआधी कसा होता?"

"कशाआधी?"

"तुम्ही पेटी उघडायच्या आधी. पोरगा वाजवायचा तेव्हा. साफ होता की फाटका?"

साधा प्रश्न होता.  वर्षभर ही पेटी शेजारच्या खोलीत वाजत होती. ग्रेगरीला आठवत होती ती भिंत. भिंतीवर उमटलेला दमट डाग, आणि त्या डागाच्या जरा वर आपली वळलेली बोटं. टक टक. *कमी कर रे.* की आवाज कमी व्हायचा. मग आणखी कमी. त्या आवाजात काय होतं, ते मात्र आठवत नव्हतं.

"मी पेपर तपासत असायचो," तो म्हणाला.

"हं."

"तो विसरलाच असणार. घाई फार होती त्याला. कुठलीही गोष्ट पुरी…"

"विसरला नव्हता," इनास म्हणाला. "लावला होता त्याने. मी काढायला लावला."

ग्रेगरीला आधी नीट कळलंच नाही.

"तुम्ही? तो इथे कधी आला?"

"गुरुवारी."

"गुरुवारी त्याचा क्लास असायचा. चार ते सहा."

"हो ना. हाच." म्हातारा हसला, पण ते हसू फार टिकलं नाही. "याच बाकड्यावर बसायचा. तीनदा चटके खाल्ले, एकदा माझं धोतर जाळलं. तेव्हापासून मी हाफपँट घालतो."

ग्रेगरी हसला नाही.

"मला म्हणाला, काका, आवाज थोडाच पाहिजे, पण साफ पाहिजे. मी म्हटलं, अरे, बाकीची पोरं येतात ती कौलं उडवणारा आवाज मागतात. तुला थोडा कशाला? तर म्हणाला, भिंतीपलीकडे पप्पा असतात."

वाडीतला पंप बंद पडला. इतका वेळ तो चालू होता, हे ग्रेगरीला तेव्हा कळलं.

केळीची पानं हलत नव्हती. इनास चष्मा पुसत बसला, नको तितका वेळ.

"मला का नाही सांगितलं त्याने?" ग्रेगरी म्हणाला. "मी त्याचा बाप. माझा हाच विषय. मला विचारलं असतं तर मी एका संध्याकाळी…"

"तुम्ही लावून दिला असता," इनास म्हणाला.

"काय?"

"निळा कंडेन्सर."

…

म्हाताऱ्याने कटर उचलला आणि त्याच्यासमोर धरला.

"काढा."

"तुम्हीच काढा."

"मी एकदा काढायला लावलाय. तुमचा तुम्ही काढा."

ग्रेगरीने डावा हात खिशात घातला. उजवा आत गेला. त्याने मनगट फळीच्या कडेला टेकवलं. त्या फळीवर पेन्सिलीची एक रेघ होती, कापायच्या आधी मारलेली, किंचित वाकडी. इतक्या महिन्यांत ती त्याला दिसली नव्हती.

कट. दुसऱ्या पायावर पुन्हा कट.

निळा कंडेन्सर सुटला आणि त्याने तो बाहेर काढला. तो कुठे ठेवावा ते त्याला सुचेना, तेव्हा त्याने तो खिशात टाकला आणि हातही तिथेच राहू दिला.

"एवढंच?"

"एवढंच. पहिला व्हॉल्व्ह फार ओरडत होता, सर. दुसऱ्याला ते घेता येत नव्हतं. आवाज फाटत होता तो तिथे. शेवटी स्पीकर बिचारा काय करणार? त्याच्यापर्यंत जे आलं तेच त्याने सांगितलं."

"पुस्तकात…"

"पुस्तकात बरोबरच आहे."

इनासने वीज लावली. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं. काचेच्या आत आधी काहीच दिसलं नाही. मग तळाशी निखाऱ्यासारखा एक ठिपका आला.

"गिटार आणलीत?"

"नाही. सिग्नल जनरेटर आणलाय. टेस्टिंगला."

"तो वाजवणार का रविवारी?"

 इनास आत गेला आणि कुणाची तरी दुरुस्तीला आलेली एक गिटार घेऊन आला. तिला तारा पाचच होत्या. वायर पेटीला जोडून तो बाकड्याच्या टोकाला बसला. गिटार त्याने मांडीवर आडवी घेतली, आजारी मूल घेतात तशी.

मग अंगठ्याने एकच जाड तार छेडली.

आवाज आला. लहान आणि गोल, कुठेही न चिरलेला. ओसरीबाहेर तो गेला असेल-नसेल.

"साफ आहे!" ग्रेगरी म्हणाला. "अगदी साफ…"

इनासने बोट वर केलं. तार अजून थरथरत होती. ती विझली तेव्हा त्याने बोट खाली घेतलं आणि तीच तार पुन्हा छेडली.

"पण हा चर्चमध्ये पुरेल का?" ग्रेगरी म्हणाला. "मागच्या बाकांपर्यंत जायला हवा. नातेवाईक मागेच बसतात. माईक लावला तर…"

बोट पुन्हा वर गेलं.



इनासने तिसऱ्यांदा तार छेडली.

 या वेळी ग्रेगरी पायरीवरून पुढे सरकला आणि डोकं खाली घालून त्याने कान पेटीजवळ नेला. आवाज आधी भरलेला होता. मग त्याच्यातलं एकेक काही सुटत गेलं. राहिला तो एक धागा, तोही बारीक होत चाललेला. खिशातल्या मुठीत कंडेन्सरचे तुटके पाय रुतत होते. भिंतीच्या या बाजूला, जोएलच्या खोलीत, असं बसायला काही लागलं नसतं. उठायचं, आणि दार लोटायचं…

धागा होता. होता का? आता ऐकू येतंय ते आहे, की आपण धरून ठेवलंय, ते त्याला कळेना. त्याने श्वास रोखला. व्हॉल्व्हचा उजेड म्हाताऱ्याच्या बोटांवर पडला होता, आणि ती बोटं मुळीच हलत नव्हती.

"संपला?" त्याने अगदी हळू विचारलं.

इनासने तळहात तारांवर ठेवला.

"तू विचारलंस ना ग्रेगू, तोवर होता."